बालकाची आकडी : पहिली पाच मिनिटे

तापात आकडी आलेले मूल दवाखान्यात आणले जाते, तेव्हा मी प्रथम विचारतो, “किती वेळ चालली?” उत्तर क्वचितच मिळते. घरातील मंडळी कांदा फोडण्यात, चप्पल हुंगविण्यात किंवा दातखीळ उघडण्यासाठी चमचा शोधण्यात गुंतलेली असतात. चमच्याने दात तुटतात, आकडी थांबत नाही. आणि जीभ गिळली जाते हा तर निव्वळ गैरसमज!

सहा महिने ते पाच वर्षे या वयातील तापाची आकडी बहुधा काही मिनिटांत आपोआप थांबते. तोवर मुलाला कुशीवर वळवावे, लाळ बाहेर वाहू द्यावी व घड्याळ पाहावे. ५ मिनिटे उलटली, की ती आपोआप थांबण्याची शक्यता घटत जाते. मग १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्या मुलाला पूर्वी दीर्घ आकडी आली आहे, त्याच्या घरी मिडॅझोलॅमचा नाकात मारावयाचा फवारा असावा. वजनानुसार मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी.

व्यवसायबंधूंना एक विनंती. शीर शोधता शोधता बोटाच्या एका थेंबावर साखर तपासावी, विशेषतः मूल इन्शुलिन घेत असेल तर. साखर उतरल्याने आलेल्या आकडीला शिरेतून ग्लुकोज द्यावे; शीर मिळत नसेल, तर इन्शुलिन घेणाऱ्या मुलाला ग्लुकागॉन स्नायूत टोचता येते. बेशुद्ध मुलाच्या तोंडात साखरपाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत उतरते.