वेगाला कुंपण, तापमानाला नाही

खोलीतल्या हवेत नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतो. हे गणित बारावीचा विद्यार्थीही करतो: केल्व्हिनमधले तापमान घ्यायचे, त्याला बोल्ट्झमन स्थिरांकाने आणि तीनने गुणायचे, कणाच्या वस्तुमानाने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. सूर्याच्या गाभ्यातही हे सूत्र चालते. तिथल्या दीड कोटी केल्व्हिनला प्रोटॉनचा वेग सेकंदाला सुमारे ६१० किलोमीटर येतो. त्याच्या १८३६ पट हलका असलेला इलेक्ट्रॉन २६ हजार किलोमीटरचा वेग गाठतो. प्रकाशवेगाच्या जवळपास ९ टक्के.

आता तापमान २०० कोटी केल्व्हिन धरा. तेच सूत्र इलेक्ट्रॉनला थेट प्रकाशाचा वेग बहाल करते. महास्फोटानंतर एक सेकंदाने विश्व सुमारे १००० कोटी केल्व्हिन तापलेले होते. तिथे तर उत्तर प्रकाशवेगाच्या सव्वादोन पट येते. असे घडूच शकत नाही.

दोष सूत्रामागच्या गृहीतकात आहे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, असे ते धरून चालते. आइन्स्टाइनने १९०५ साली सापेक्षता सिद्धांतातून दाखवले की प्रकाशवेगाजवळ ऊर्जा याहून कितीतरी झपाट्याने वाढते आणि तो वेग गाठायला अनंत ऊर्जा लागेल. म्हणून अतितप्त कणांच्या बाबतीत आधी ऊर्जा काढायची, मग वेग. ती ऊर्जा कणांमध्ये कशी वाटली जाते, याचे सापेक्षतेला धरून सूत्र फेरेन्त्स युटनर यांनी १९११ साली मांडले.

त्यानुसार २०० कोटी केल्व्हिनला इलेक्ट्रॉनची सरासरी एकूण ऊर्जा त्याच्या स्थिर-वस्तुमानाच्या ऊर्जेच्या सुमारे १.६६ पट भरते. १.६६ च्या वर्गाने एकाला भागा, आलेली संख्या एकातून वजा करा, वर्गमूळ काढा: ०.८. म्हणजे त्या ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशवेगाच्या ८० टक्के. १००० कोटी केल्व्हिनला ऊर्जेचे हे प्रमाण ५.३ पट होते, तर वेग फक्त ९८ टक्क्यांवर जातो. तापमान पाचपट झाले, वेगात मात्र प्रकाशवेगाच्या १८ टक्क्यांचीच भर पडली. बाकी सारी उष्णता ऊर्जेच्या रूपाने कणात साठते.

त्याच पहिल्या सेकंदाला जड प्रोटॉन मात्र प्रकाशवेगाच्या जेमतेम ५ टक्क्यांवर होता. त्याच्यासाठी जुने सूत्र तिथेही पुरेसे आहे.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, सूत्रात आकडे घालण्यापूर्वी कणाचे वस्तुमान पाहा. इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा तापमानात मोजली तर सुमारे ६०० कोटी केल्व्हिन भरते, प्रोटॉनची सुमारे ११ लाख कोटी. तापमान या आकड्याच्या काही टक्क्यांवर पोहोचले, की जुने सूत्र बाजूला ठेवा आणि आइन्स्टाइनचे हाती घ्या.