कायद्याच्या पदवीआधीची आंतरवासिता : नियम, व्यवहार आणि मर्यादा

नवी दिल्ली : दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलमे तोंडपाठ असलेला विद्यार्थी पदवी घेऊन न्यायालयाच्या आवारात येतो, तेव्हा दावा कोठे दाखल करावा, नकलेसाठी अर्ज कसा करावा, रोजनाम्यात काय नोंदले जाते, हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. वर्गातील शिक्षण आणि न्यायालयातील व्यवहार यांच्यातील ही दरी बुजवण्यासाठी विधी अभ्यासक्रमात आंतरवासिता, म्हणजेच प्रचलित भाषेतील इंटर्नशिप, अनिवार्य करण्यात आली आहे.

भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याने किमान २० आठवडे, तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याने किमान १२ आठवडे आंतरवासिता पूर्ण करणे आवश्यक आहे. वर्षभरात सलग चार आठवड्यांहून अधिक काळ ती करता येत नाही. स्वयंसेवी संस्था, न्यायपालिका, नियामक प्राधिकरणे, विधिमंडळे, विधी संस्था, कंपन्या, स्थानिक स्वराज्य संस्था असे पर्याय नियमांत दिले आहेत. मात्र संपूर्ण शिक्षणकाळात किमान एकदा कनिष्ठ न्यायालयात आणि अपील न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांकडे अनुभव घेणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. केवळ महानगरातील कॉर्पोरेट कार्यालयांत आठवडे भरून ही अट पुरी होत नाही.

विद्यार्थ्याने दैनंदिनी ठेवावी आणि तिचे मूल्यमापन मार्गदर्शक तसेच महाविद्यालयातील प्राध्यापक यांनी करावे, अशीही तरतूद आहे. अभ्यासक्रमातील चार अनिवार्य प्रात्यक्षिक विषयांपैकी एक विषय अभिरूप न्यायालय आणि आंतरवासिता यांचा आहे. एक दिवाणी व एक फौजदारी खटल्याचे कामकाज प्रत्यक्ष पाहून त्याची नोंद करणे, तसेच अशिलाची मुलाखत व खटल्याची पूर्वतयारी अनुभवणे, यांना त्यात गुण आहेत.

पदवीनंतर सक्तीची उमेदवारी नाही

या काही आठवड्यांचे मोल समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात सनद मिळण्यापूर्वी प्रशिक्षणाची अट होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती वगळण्यात आली. पुढे वकील परिषदेने १९९५ मध्ये नियम करून एक वर्षाची उमेदवारी सक्तीची केली. मात्र अशी अट घालण्याचा अधिकार कायद्याने परिषदेला दिलेला नाही, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. सुधीर प्रकरणात ते नियम रद्द ठरवले. २०११ पासून अखिल भारतीय वकील परीक्षा सुरू झाली आणि ती घेण्याचा परिषदेचा अधिकार घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केला. तथापि ती लेखी परीक्षा आहे. घाबरलेल्या पक्षकाराकडून हकिकत कशी काढून घ्यावी, हे ती तपासू शकत नाही.

परिणामी, वैद्यकीय पदवीधराला रुग्णालयात जसा देखरेखीखालील सक्तीचा काळ मिळतो, तसा विधी पदवीधराला मिळत नाही. सनद हाती येताच तो कायद्याने कोणाचेही वकीलपत्र घेऊ शकतो. आंतरवासितेत जे शिकायचे राहून गेले, त्याची किंमत त्याचा पहिला अशील मोजण्याची शक्यता असते. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली. प्रत्यक्ष अनुभवाला पर्याय नाही, हेच सूत्र त्यामागे आहे. मात्र विद्यार्थिदशेतील आंतरवासिता ही वकिली नव्हे. त्यामुळे ती या तीन वर्षांची जागा घेऊ शकत नाही.

काय शिकावे, कोठे शिकावे

तालुका व जिल्हा न्यायालयांतील अनुभवाला विद्यार्थी अनेकदा दुय्यम मानतात. वास्तविक साक्षीपुरावा प्रामुख्याने तेथेच नोंदवला जातो. सरतपासणी आणि उलटतपासणी यांतील फरक, दस्तऐवजाला निशाणी क्रमांक कसा पडतो, मुद्दे कसे काढले जातात, जामीन अर्जात कोणत्या बाबी मांडाव्या लागतात, हे सारे तेथे दिसते. महाराष्ट्रात या न्यायालयांची भाषा मराठी असून उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला फिर्याद, कैफियत, पुरसीस, प्रतिज्ञापत्र या शब्दांची आणि त्यांमागील मसुद्यांची ओळख येथेच होते.

गरजू पक्षकारांशी थेट संबंध येण्याचा मार्ग म्हणजे विधी सेवा प्राधिकरणे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला आणि त्यानुसार राष्ट्रीय, राज्य, जिल्हा व तालुका पातळीवर मोफत कायदेविषयक साहाय्याची यंत्रणा उभी राहिली. विधी महाविद्यालयांतील साहाय्य केंद्रे आणि विधी स्वयंसेवक योजना यांतही विद्यार्थ्यांना काम करता येते. केंद्र सरकारचा विधी कार्य विभाग, राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आणि स्पर्धा आयोग यांच्याकडेही आंतरवासितेच्या योजना आहेत.

ज्यांना मोठ्या शहरात राहणे परवडत नाही, त्यांच्यासाठी ई-कोर्ट सेवा उपयोगी आहे. १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांकावरून खटल्याचा प्रवास तपासता येतो. घटनापीठासमोरील सुनावणीचे थेट प्रक्षेपण सप्टेंबर २०२२ पासून सुरू झाले आहे. हा प्रत्यक्ष कामाचा पर्याय नसला तरी पूर्वतयारीस उत्तम आहे.

मर्यादा आणि हक्क

विद्यार्थी संशोधन करू शकतो, मसुदा लिहू शकतो, वरिष्ठांसोबत न्यायालयात बसू शकतो. पण सनदेशिवाय वकील म्हणून काम चालवू शकत नाही. अधिकार नसताना वकिली केल्यास अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४५ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. गोपनीयतेचे बंधनही तितकेच महत्त्वाचे आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधील कलम १३२ वकील आणि अशील यांच्यातील संवादाला संरक्षण देते व ते वकिलाच्या कारकून-कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. कागदपत्रांचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकणे किंवा अशिलाची कहाणी मित्रमंडळींत सांगणे, हे शिकाऊ विद्यार्थ्यानेही निषिद्धच मानले पाहिजे.

विद्यावेतनाची सक्ती नियमांत नाही. वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मानधनाची शिफारस केली, ती कनिष्ठ वकिलांसाठी होती. त्यामुळे परगावी राहण्याचा खर्च पेलू शकणारा विद्यार्थी नामांकित कार्यालयात पोहोचतो आणि इतरांची संधी आर्थिक कुवतीवर अडते. यावर नियमांतच एक उपाय सुचवलेला आहे : विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यास इच्छुक अनुभवी वकिलांची जिल्हावार यादी तयार करणे. अशा याद्या अद्ययावत राहिल्या आणि महाविद्यालयांनी त्यांचा वापर केला, तर घराजवळच चांगला मार्गदर्शक मिळू शकतो.

सुरक्षिततेबाबत कायदा स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत प्रशिक्षणार्थी व उमेदवार यांचाही समावेश होतो. मोबदला मिळतो की नाही, हा प्रश्न गैरलागू आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या कार्यालयाविरुद्धची तक्रार जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे करता येते. तक्रारीची सर्वसाधारण मुदत तीन महिन्यांची आहे.

अखेरीस, प्रमाणपत्रावर आठवड्यांची संख्या दिसते, शिक्षण दिसत नाही. ते दिसते दैनंदिनीत. आज कोणता अर्ज का फेटाळला गेला, तारीख का पडली, साक्षीदार कोठे अडखळला, अशी रोजची एक नेमकी नोंद आणि तिच्यावर मार्गदर्शकाशी झालेली चर्चा विद्यार्थ्याला न्यायालयाची रीत शिकवते. महाविद्यालयाने दैनंदिनी केवळ सही-शिक्क्यापुरती न ठेवता ती वाचली, तर १२ किंवा २० आठवडे कारणी लागतील आणि उद्या त्या वकिलाच्या दारात येणाऱ्या पक्षकाराचे हितही जपले जाईल.