शेवटच्या पंगतीचा हिशेब

महिन्याला घरात तेल किती आले, डाळ किती आली, हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून आपल्याला समजते. ते कोणाच्या ताटात किती पडले, हे मात्र समजत नाही. पाहणीचा हिशेब उंबरठ्यापाशीच थांबतो.

सर्वांची देणी चुकवून जे उरेल त्यावर मालकाचा हक्क, असे उद्योगाचे अर्थशास्त्र सांगते. त्या शिल्लकीलाच आपण नफा म्हणतो. मध्यमवर्गीय स्वयंपाकघरातही अशी शिल्लकीची एक धनीण असते. परंतु तिच्या वाट्याला येते ती शिल्लक म्हणजे रात्रीचा फोडणीस टाकलेला भात, तळणीचे पुन्हा तापवलेले तेल आणि भाजी संपल्यामुळे लोणच्याशी खाल्लेली पोळी. डाळ, उसळ, पालेभाजी आधीच्या पंगतीत संपते. मागे राहते ते पिष्ट, मीठ आणि तेल. त्यात उपवासांची भर. साबुदाणा हे जवळजवळ निव्वळ पिष्टच. तुपात परतलेल्या त्याच्या खिचडीला उपवास कशासाठी म्हणावयाचे, हे मला अद्याप उमगलेले नाही.

तारुण्यात हा तोटा शरीर बऱ्याच अंशी सोसते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने ४६-४७ व्या वर्षी, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीच्या सुमारे चार वर्षे आधी, थांबते. त्या सुमारास इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे संरक्षण ओसरते, रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते आणि मेद कमरेभोवती साचू लागतो. ही तूट गोळ्यांनी भरून निघेल, अशी आशा होती. परंतु अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत संमिश्र संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी न होता किंचित वाढलेलाच आढळला आणि २००२ साली चाचणीचा तो भाग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. वैद्यकशास्त्राचीही दृष्टी फार काळ पहिल्या पंगतीवरच होती. आहार व हृदयविकार यांचा संबंध तपासणारी, १९५८ साली सुरू झालेली ॲन्सेल कीज यांची सात देशांची विख्यात पाहणी केवळ पुरुषांची होती.

माझ्या थोरल्या बंधूंचे कोलेस्टेरॉल किती, हे आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. त्यांच्या पानातले तूप बंद झाले, तेव्हा घरी कढवलेले तूप टाकायचे कसे, म्हणून ते वहिनींच्या भातावर जाऊ लागले. वहिनींचे कोलेस्टेरॉल कोणी कधी तपासलेच नव्हते. गेल्या वर्षी चार दिवस त्यांना दम लागत होता, मळमळत होते, पाठ व जबडा दुखत होता. छातीत कळ नव्हती, त्यामुळे घरातल्या सर्वांनी, माझ्यासह, ते पित्तावर ढकलले. पाचव्या दिवशी काढलेल्या हृदयालेखाने झटका येऊन गेल्याचे दाखवले. सुदैवाने त्या वाचल्या.

डॉक्टरांनी सांगितलेल्या पथ्यात महाग असे काहीच नव्हते. ज्वारी-नाचणीची भाकरी, रोज वाटीभर उसळ, पालेभाजी, थोडी जवसाची चटणी; आणि मीठ, लोणच्या-पापडातले धरून, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर. खर्च वाढला नाही, वाढण्याचा क्रम तेवढा बदलावा लागला. आता वहिनींचे पान बंधूंच्या शेजारीच मांडले जाते. पहिले काही दिवस दर दोन घासांनी त्या उठून आत जात. काय हवे, असे विचारले तर म्हणत, काही नाही.