पागोळीचा एक थेंब आणि बिल व्हायोला

आषाढात कोकणातल्या आमच्या लोटे गावाला पाऊस लागला की चार-चार दिवस उघडत नाही. ओटीवर बसलं की समोर पागोळ्यांची झालर. नुसत्या डोळ्यांना ती पाण्याची एक सलग तार दिसते. थेंब दिसत नाही, तो कुठून सुटला तेही कळत नाही.

आता मोबाइल काढा आणि कॅमेऱ्यात ‘स्लो मोशन’ निवडा. बऱ्याच फोनवर हा कॅमेरा सेकंदाला 240 चित्रं टिपतो आणि दाखवताना सेकंदाला 30 दाखवतो. म्हणजे घडलेला एक सेकंद तुम्हाला आठ सेकंद पाहायला मिळतो. कौलाच्या कडेला पाणी साठतं, जड होतं, खाली लोंबतं, त्याची मान बारीक होत जाते आणि ती तुटल्यावर थेंब सुटतो. अंगणात पागोळ्यांनी पाडलेल्या खळग्यात तो आपटतो, पाण्याची गोल कड मुकुटासारखी उभी राहते आणि मधून एक छोटा थेंब परत वर उसळतो. हे सगळं रोज आपल्यासमोर होत होतं.

काळ संथ करून पाहण्याच्या याच साध्या गोष्टीवर एका माणसाने आयुष्य बेतलं. बिल व्हायोला, जन्म 1951, न्यूयॉर्क. 12 जुलै 2024 रोजी अल्झायमरच्या आजारानंतर ते गेले. व्हिडिओ हे बातम्यांचं आणि करमणुकीचं साधन मानलं जात होतं, त्या काळात त्यांनी ते जन्म, मृत्यू आणि ‘मी कोण’ या प्रश्नांसाठी वापरलं.

त्यांची रीत समजून घ्यायला 1995 मधली ‘द ग्रीटिंग’ ही कलाकृती सोयीची आहे. व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात ती दाखवली गेली. मूळ प्रेरणा इटालियन चित्रकार पोंतोर्मो यांच्या सोळाव्या शतकातल्या एका चित्राची: येशूची आई, गरोदर मरिया, आणि तिची नातलग, गरोदर एलिझाबेथ, यांची गळाभेट. व्हायोलांच्या दृश्यात दोन बायका रस्त्यात बोलत उभ्या आहेत. तिसरी येते, दोघींपैकी एकीला मिठी मारते, कानात काही कुजबुजते. बस, एवढंच. प्रत्यक्ष घटना पाऊण मिनिटाची, पडद्यावर ती दहा मिनिटं चालते.

हे कसं? त्या वेळच्या नेहमीच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांना एवढा वेग झेपत नव्हता, म्हणून चित्रीकरण 35 मिलिमीटरच्या फिल्मवर झालं, सेकंदाला 300 फ्रेमच्या वेगाने, आणि मग ते व्हिडिओवर आणलं. हिशेब करून पाहा. 45 सेकंदांत साडेतेरा हजार फ्रेम. त्या सिनेमाच्या नेहमीच्या 24च्या वेगाने दाखवल्या तर सव्वानऊ मिनिटांहून थोडा जास्त वेळ होतो. यात एक अडचण असते. वेग वाढला की प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायला मिळणारा वेळ तेवढाच घटतो, म्हणून भरपूर प्रकाश लागतो. आषाढातल्या अंधारलेल्या दुपारी आपल्या पागोळीचं चित्र काळपट येतं, ते याच कारणाने.

एवढा खटाटोप कशासाठी, ते पडद्यासमोर उभं राहिल्यावर कळतं. तिसरी बाई येते तेव्हा जिला मिठी मिळाली नाही तिच्या चेहऱ्याकडे पाहा. तिची नजर हलते, ओठ किंचित आवळतात, आपण बाजूला पडलो हे तिला उमगतं आणि ती ते झाकायचा प्रयत्न करते. लग्नघरात असे चेहरे आपण शेकड्यांनी पाहिलेले असतात, पण ते क्षणात निसटतात. व्हायोला तो क्षण निसटू देत नाहीत. त्यांची अध्यात्मदृष्टी मला सगळ्यात खरी वाटते ती इथे.

त्याआधीची ‘द रिफ्लेक्टिंग पूल’ (1977-79) सात मिनिटांची. झाडीतून एक माणूस तळ्याच्या काठावर येतो, उडी मारतो आणि हवेतच, अंग मुडपलेल्या स्थितीत, थिजतो. खाली पाणी मात्र हलत राहतं. त्यात तरंग उठतात, काठावर नसलेल्या माणसांची प्रतिबिंबं दिसतात. हवेतला देह हळूहळू विरून जातो, आणि शेवटी माणूस पाण्यातून वर येऊन झाडीत निघून जातो. यासाठी कॅमेरा तिवईवरून जराही न हलवता वेगवेगळ्या वेळी चित्रण केलं आणि चौकटीचे तुकडे एकमेकांत बसवले: वरचा भाग एका वेळेचा, पाणी दुसऱ्या वेळेचं. एकाच चौकटीत दोन काळ नांदतात.

पाणी त्यांना सोडतच नव्हतं. सहा वर्षांचे असताना ते तळ्यात बुडाले होते, काकांनी ओढून बाहेर काढलं. तळाशी आपल्याला भीती वाटली नाही, निळ्या-हिरव्या उजेडाचं सुंदर जग दिसलं, असं ते सांगत. 1980च्या सुमारास पत्नी किरा पेरोव्ह यांच्यासह ते जपानला गेले. तिथे दाइएन तानाका या गुरूंकडे झेनचा अभ्यास केला, आणि सोनी कंपनीच्या प्रयोगशाळेत निवासी कलावंत म्हणूनही काम केलं. ध्यान आणि यंत्र, दोन्ही एकाच मुक्कामात.

मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी कलाकृती 1986 ची, 89 मिनिटांची. ‘मी कशासारखा आहे ते मला कळत नाही’ अशा अर्थाचं तिचं इंग्रजी नाव ऋग्वेदातून घेतलेलं आहे, पहिल्या मंडलातल्या दीर्घतमस ऋषींच्या 164व्या सूक्तातून. त्यात कॅमेरा घुबडाच्या डोळ्याजवळ जात राहतो, जात राहतो, आणि त्या बाहुलीत आपल्याला चित्रण करणारा माणूसच दिसतो. पुढे फिजीतल्या सुव्हा इथल्या हिंदू देवळातले भाविक निखाऱ्यांवरून चालताना दिसतात. गोव्यात शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, होमकुंडातून चालतात, ते ज्याने पाहिलंय त्याला हे दृश्य परकं वाटायचं नाही.

‘नांत ट्रिप्टिक’ (1992) मध्ये तीन पडदे. एकीकडे बाळंत होणारी बाई, दुसरीकडे व्हायोलांची मरणासन्न आई, मधे पाण्यात तरंगणारा, कपडे घातलेला माणूस. स्वतःच्या आईचं मरण असं मांडावं का, हा प्रश्न मला पडला होता. त्या दोन पडद्यांवरचे श्वास शेजारी-शेजारी ठेवल्यावर मला वाटतं, मांडावं.

‘द क्रॉसिंग’ (1996) मध्ये पडद्याच्या एका बाजूला माणूस ज्वाळेत नाहीसा होतो, दुसऱ्या बाजूला आधी थेंब, मग धार, मग लोंढा येऊन त्याला पुसून टाकतो. दोन्ही बाजू एकदम दिसत नाहीत, प्रेक्षकाला फेरी मारावी लागते. या लोंढ्यावरून मला चिपळूण आठवतं, ते आमच्यापासून घाट उतरला की आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी तिथल्या बाजारपेठेत शिरलं. ते ज्यांनी सोसलं त्यांना हा लोंढा नुसतं प्रतीक म्हणून पाहता येणार नाही, आणि पाहूही नये.

आपल्याकडेही या वाटेने कामं झाली आहेत. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले सुदर्शन शेट्टी यांनी गोरखनाथांच्या निर्गुणी पदावरून ‘शून्य घर’ हा चित्रपट आणि मांडणी केली, ती 2016 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात होती. कुमार गंधर्वांमुळे ते पद मराठी कानांना ओळखीचं आहे.

व्हायोला पाहायला लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलला जाणं सगळ्यांना जमणार नाही. तिथे 2014 पासून त्यांचे चार उभे पडदे आहेत: माती, वारा, अग्नी, पाणी. पण पागोळी घरचीच आहे. आषाढात उजेड कमी पडतो, म्हणून श्रावणापर्यंत थांबा. सर येऊन गेली आणि ऊन पडलं की फोन स्टुलावर टेकवा, हातात धरू नका. दहा सेकंदच टिपा, आणि मग आवाज बंद करून ते ऐंशी सेकंद शेवटपर्यंत पाहा.