बटणाची नोंद

फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलंय : पट 8, हजर 6. मुंबई महापालिकेच्या या इमारतीत वरच्या मजल्यांवर मराठी, हिंदी, उर्दू, तमिळ अशा वेगवेगळ्या शाळा भरतात. तळमजल्यावरच्या टोकाच्या खोल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. वरून पाढ्यांचा गलका जिन्यानं खाली येतोय, आणि इथे तिमाहीची तपासणी चाललीय.

प्रश्नपत्रिका नाही. टीचरांच्या मांडीवर एक जाडसर तक्ता आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं बनवलेली ही सूची, शाळेत सगळे तिला एफएसीपी म्हणतात. जेवण, कपडे, शौच, चारचौघांत वागणं, अक्षरं, पैसे, हातकाम, एकेका ओळीत एकेक गोष्ट आणि समोर चौकट. आपलं आपण केलं तर अधिकचं चिन्ह. तोंडी सांगून केलं तर व्हीपी. हात धरून करून घ्यावं लागलं तर पीपी. सगळं दुसऱ्यानंच केलं तर टीडी. शंभरातलं ऐंशी जमलं की मूल वरच्या गटात जातं.

करमणुकीला मात्र गुण नाहीत, 'ए' ते 'ई' अशा श्रेणी आहेत. हजर सहांत एकच मुलगी. ती बाकावर ठेका धरते, शेजारच्याचा हात ओढून त्यालाही वाजवायला लावते, तो चुकला की पुन्हा पहिल्यापासून. टीचर न विचारता 'ए' लिहून टाकतात. "हा टक्क्यांत धरत नाहीत," त्या माझ्याकडे बघून म्हणतात. मला वाटतं, या खोलीत सगळ्यांत जास्त पुढाकार तिचाच, आणि तोच हिशेबाबाहेर.

दाराजवळ दुसऱ्या बाई लॅपटॉपवर यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणीत माहिती भरतायत. 2022-23 पासून तिथे प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद करावी लागते : जन्मतारीख, प्रवर्ग, अल्पसंख्याक आहे का, दारिद्र्यरेषेखाली आहे का, मातृभाषा, अपंगत्वाचा प्रकार. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, पण डाउन सिंड्रोमचा वेगळा रकाना त्यात नाही. ठेका धरणारी ही मुलगी बौद्धिक अक्षमतेखालीच जाते. मुली कमी का, असं मी विचारतो. बाई मान वर न करता सांगतात, "मोठी झाली की घरी ठेवतात. आई कामाला जाते, न्यायला-आणायला कोण येणार?"

आठांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. दोघं तापानं घरी राहिले की हजेरी पंचाहत्तरवर येते, आणि एक जण वरच्या गटात गेला की वर्गाची प्रगती एकदम डोळ्यांत भरते. शिवाय एवढ्या लहान तक्त्यात आकड्याला लगेच चेहरा फुटतो. 'मुली : 1' लिहिलं की ती कोण हे सगळ्या इमारतीला ठाऊक असतं. अमेरिकेतल्या शाळांच्या जाहीर अहवालात गट फार लहान असला की आकड्याच्या जागी नुसतं तारांकन छापतात. ते मला पटतं.

त्यातून इथे प्रत्येक मुलाला दोन टक्केवाऱ्या. एक दवाखान्याच्या प्रमाणपत्रावरची : ती किमान 40 असेल तरच सवलतींची दारं उघडतात, म्हणून ती कमी झालेली कुठल्याच आईला परवडत नाही. दुसरी टीचरांच्या मांडीवरची, ती वाढायला हवी. दोन्ही कागद एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आया व्हरांड्यात बसल्यात.

आता अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा समोर येतो. शर्टाची बटणं लावायची आहेत. मागच्या वेळी पीपी. टीचर त्याच्यापुढे उकिडव्या बसतात, स्वतःचे हात मागे बांधतात. "बटण लाव." तो पंख्याकडे बघतो. "चल राजा, बटण लाव. बटन लगा." त्याची बोटं काजाजवळ जातात, थांबतात. टीचरांचा हात नकळत पुढे येतो आणि पुन्हा मागे जातो.

व्हरांड्यातून त्याची आई खिडकीशी येते. "टीचर, मैं बोलूं क्या?"

"बोलो ना, मम्मी."

"बटन पोडुडा," ती म्हणते. आवाज वरच्या मजल्यापर्यंत जाईल असा खणखणीत.

मुलगा खाली बघतो. बटण काजात तिरकं शिरतं, अडकतं. मग अंगठा मागून रेटतो. एक बटण. मग दुसरं. तिसरं चुकीच्या काजात जातं. वर्गातल्या मदतनीस मावशी टाळ्या वाजवतात. टीचर त्यांना हातानं थांबवतात, "थांबा, चौथं बघू द्या."

चौथंही लागतं.

टीचर पेन्सिलीनं पीपी खोडून व्हीपी लिहितात, शेजारी तारीख घालतात. या बदलानं त्याच्या टक्केवारीत काही हलत नाही. दोन्ही खुणांना गुण शून्यच. हाताची मदत सुटून नुसत्या आवाजावर यायला या मुलांना महिनोन् महिने लागतात, आणि बेरजेत ते कुठेच उमटत नाही. पण टीचरांना सतावतंय ते वेगळंच. त्या दाराकडे वळतात. "बाई, याची मातृभाषा काय भरलीय?"

"हिंदी. ती आई हिंदीच बोलते ना."

"तुमच्या-माझ्याशी. तमिळ करा."

बाई बदल करतात. वर्गातल्या बाकी सगळ्यांपुढे मराठी किंवा हिंदी दिसतंय. टीचर तक्ता पुन्हा पहिल्या पानापासून उलटतात. पेन्सिलीचं टोक एकेका पीपीपाशी थांबतं. मुलाला येत नव्हतं, की त्याला सांगितलेलं कळलं नव्हतं, हे त्या खुणेवरून ओळखायला मार्ग नाही. मुलं कुठल्या घरांतून येतात हे एका कागदावर, त्यांना काय येतं हे दुसऱ्यावर, आणि दोन्ही कागद इतके दिवस वेगवेगळ्या टेबलांवर.

"मावशी, हा बटणांचा शर्ट धुवायला टाकू नका, उद्या परत लागेल," टीचर सांगतात. मग खिडकीतून पुढच्या आईला हाक मारतात. "मम्मी, तुमच्या घरी कोणती भाषा बोलता हो?"

ती बाई पिशवी सावरत उठते. "कोणाशी, टीचर? ह्याच्याशी, की सासूशी?"

"ह्याच्याशी. आणि सासू ह्याच्याशी कुठली बोलते, तेही सांगा."