एकट्या मुलाला सुधारायला गेलं, की…

शाळा बुडवणं, मारामारी, चोरी, घरात आदळआपट हे महिनोन्‌महिने चालू राहिलं, की मानसोपचारतज्ज्ञ ‘कंडक्ट डिसऑर्डर’ असं निदान करतात. अशा मुलांना मदत करताना केवळ चांगला हेतू पुरत नाही, हे एका जुन्या प्रयोगानं दाखवून दिलं.

१९३९ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या जोडगावांत डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकारानं ५०६ मुलं निवडली गेली. त्यांच्या जोड्या लावून जोडीतल्या एकालाच मदत दिली: घरी येणारा समुपदेशक, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरं. सरासरी साडेपाच वर्षं हे चाललं. सुमारे तीस वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी या मुलांचा माग काढला. मदतीचा उपयोग झाला, असं बहुतेकांनी सांगितलं. नोंदी उलटं सांगत होत्या. वारंवार गुन्हे करणारे आणि दारूच्या आहारी गेलेले मदत मिळालेल्यांमध्येच जास्त निघाले.

पुढे मॅकॉर्ड यांनी मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशन यांच्यासोबत हीच माहिती पुन्हा तपासल्यावर दिसलं, की एकाहून अधिक वेळा शिबिराला गेलेल्यांचं सर्वाधिक नुकसान झालं होतं. अमेरिकेतल्याच ऑरेगॉन राज्यात डिशन यांनी किशोरवयीन मित्रांच्या गप्पा चित्रित केल्या होत्या. नियम मोडल्याच्या बढाईला जिथे हसून दाद मिळे, तिथली मुलं पुढे अधिक बिघडत. ‘हॉस्टेलला टाका, सरळ होईल’ असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तो देणाऱ्यांनी ही दाद देणारी मंडळी तिथे कोण असतील, याचा आधी विचार करावा.

ऑरेगॉनमधलेच मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी घरातला पेच उलगडला. आई काम सांगते, मुलगा चिडतो, आई ओरडते, तो आणखी भडकतो आणि शेवटी ती नाद सोडते. भडकलं की सुटका होते हे मुलगा शिकतो. माघार घेतली की शांतता मिळते हे आई. रोज घोटला जाणारा हा धडा आठवड्यातून तासभर एकट्या मुलाशी बोलून कसा पुसला जाणार?

म्हणून स्कॉट हेंगेलर यांच्या ‘मल्टिसिस्टेमिक थेरपी’त थेरपिस्ट तीन ते पाच महिने थेट घरी जातो. एका वेळी मोजकीच कुटुंबं घेतो आणि अडीअडचणीला रात्रीही फोनवर भेटतो. इंग्लंडमध्ये ६८४ कुटुंबांवर झालेल्या चाचणीत (२०१८) मात्र ही पद्धत तिथल्या नेहमीच्या सेवांपेक्षा सरस ठरली नाही. तिचं नाव घेताना हेही सांगायलाच हवं. तरीही तिची कामाची रीत मला मोलाची वाटते. संध्याकाळी मुलगा कुठे असतो, कोणाबरोबर असतो, घरी कोण असतं, हे ती आधी विचारते. मग सूचना एकदाच आणि स्पष्ट द्यायची, ऐकलं तर लगेच कौतुक करायचं, नाही ऐकलं तर ठरलेला परिणाम न ओरडता लागू करायचा, याचा सराव आईवडिलांकडून करून घेते.