पोलिसाची नोकरी आणि पदवीचं कर्ज

अमेरिकेतल्या एका मराठी घरात सध्या लेकीच्या ‘क्रिमिनल जस्टिस’ पदवीवरून खल चालू आहे. पोलिसांतच जायचं, हे तिचं पक्कं आहे. अडलंय ते कर्जापाशी.

अशा घरांनी वेस्टवुड कॉलेजचं प्रकरण जरूर वाचावं. शिकागो परिसरात शाखा असलेलं हे खासगी, नफ्यासाठी चालवलेलं कॉलेज या पदवीचे ७० हजार डॉलरहून जास्त घेत असे. पण त्याला प्रादेशिक मान्यता नव्हती, त्यामुळे इलिनॉयमधली कित्येक पोलीस खाती ती पदवी ग्राह्यच धरत नसत. राज्याच्या ॲटर्नी जनरल लिसा मॅडिगन यांनी २०१२ मध्ये खटला भरला. २०१५ मध्ये कॉलेजला दीड कोटी डॉलरची विद्यार्थी-कर्जं माफ करावी लागली. पुढे २०२२ मध्ये केंद्र सरकारने वेस्टवुडच्या ७९ हजार विद्यार्थ्यांचं दीड अब्ज डॉलरचं कर्ज रद्द केलं. तोवर उमेदीची वर्षं निघून गेली होती.

आता कमाई. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पोलिसांचा मध्यम वार्षिक पगार सुमारे ७५ हजार डॉलर होता, तुरुंगरक्षकांचा ५३ हजारांच्या आसपास. शिवाय अनेक खात्यांना बारावीनंतरचं अकादमी प्रशिक्षण पुरतं.

म्हणून आधी हव्या त्या खात्याची भरतीची अट वाचावी. मग ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या सरकारी संकेतस्थळावर त्याच कॉलेजच्या, त्याच शाखेच्या पदवीधरांची कमाई आणि कर्ज शेजारी ठेवून पाहावं. सरकारी नोकरीत १२० पात्र हप्ते भरल्यावर उरलेलं केंद्रीय कर्ज माफ होऊ शकतं; खासगी बँकेच्या कर्जाला ती सवलत नाही.

कुणाच्या घरी हा निर्णय व्हायचा असेल, तर शंका जरूर विचारा.